पोतं आणि पोत

1959 साली इटलीच्या संसदेत एका पोत्यावरून प्रश्न विचारला गेला. विचारणारे सिनेटर उंबेर्तो तेर्राचिनी हे काही ऐरेगैरे गृहस्थ नव्हते. इटलीच्या प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेवर ज्या मोजक्या लोकांच्या सह्या आहेत, त्यांतली एक त्यांची. रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात एक जुनं, मळकं, फाटकं गोणपाट चित्र म्हणून टांगलंय आणि सरकारनं त्याचे किती पैसे मोजले, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. उत्तर मिळालं की सरकारनं दमडीही दिलेली नाही, चित्र उसनं आणलेलं आहे. पैशांचा प्रश्न तिथेच मिटला. पोतं भिंतीवर का, हा प्रश्न मात्र राहिला, आणि आजही आर्ट गॅलरीत कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात तो कुजबुजतोच.

ते पोतं लावणाऱ्या चित्रकाराचं नाव अल्बेर्तो बुर्री. चित्राचं नाव ‘ग्रांदे साक्को’, म्हणजे सरळ ‘मोठं पोतं’. नावात कोडं घातलेलं नाही. ‘वेदना’ किंवा ‘युद्धानंतरचा युरोप’ असलं काही नाव दिलं असतं, तर निम्म्या प्रेक्षकांची सोय झाली असती. बुर्रीनं ती सोय आयुष्यभर कुणालाही करून दिली नाही.

मराठीत टेक्श्चरला ‘पोत’ म्हणतात. कापडाचा पोत, मातीचा पोत, रंगाच्या थराचा पोत. आपल्याकडे चित्रकलेच्या वर्गात हा शब्द रोज कानावर पडतो: ‘इथे पोत छान आलाय’, ‘पार्श्वभूमीला जरा पोत द्या.’ पोत हा रंगाला द्यायचा असतो, म्हणजे आधी रंग आणि मग त्याचा पोत, असं आपण गृहीत धरतो. बुर्रीनं मधला रंगच काढून टाकला. त्याला खरखरीत पोत हवा होता, तर त्यानं पोतंच उचललं. मिश्र माध्यम म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून सोपा दरवाजा मला माहीत नाही. एरवी आपण मिश्र माध्यम म्हणजे जलरंगावर थोडी शाई, थोडे कागदाचे कपटे, वरून वाळू भुरभुरवलेली, असं समजतो. स्वयंपाकात चव वाढवायला मसाला टाकावा तसं. बुर्रीच्या कामात मसालाच जेवण आहे.

तो मुळात डॉक्टर. 1915 साली उंब्रिया प्रांतातल्या चित्ता दि कास्तेल्लो या लहानशा गावात जन्मला, 1940 साली पेरुजा विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली आणि लगेच लष्करी डॉक्टर म्हणून युद्धावर गेला. 1943 च्या मे महिन्यात ट्युनिशियात तो पकडला गेला. तिथून पुढे अमेरिकेत, टेक्सासमधल्या हेरफर्डच्या युद्धकैद्यांच्या छावणीत. सपाट, कोरडा, उजाड मुलूख. तिथे त्यानं चित्रं काढायला सुरुवात केली. कॅनव्हास मिळणं मुश्कील, तेव्हा गोणपाट ताणून त्यावर रंगवायचं. त्या काळातलं ‘टेक्सास’ नावाचं त्याचं 1945 चं चित्र साधं निसर्गचित्र आहे. कुणालाही कळेल असं.

छावणीतलं गोणपाट रंगाखाली झाकलं जात होतं. ती नाइलाजानं वापरलेली पाठ होती, जिच्यावर चित्र उभं राहायचं. पुढच्या पाच-सहा वर्षांत बुर्रीनं जे केलं ते एका वाक्यात सांगायचं तर त्यानं पाठीला पुढे आणलं. 1946 साली तो इटलीत परतला, वैद्यकी सोडली, रोममध्ये राहू लागला. 1948 च्या सुमारास निसर्गचित्रं संपली आणि डांबर आलं. मग बुरशीसारखे फुगीर पृष्ठभाग. 1950 मध्ये ‘गोब्बी’, म्हणजे कुबडी चित्रं, ज्यांत कॅनव्हासच्या मागून फांदी वगैरे रेटून त्याला पुढे कुबड आणलेलं. चित्राच्या मागेही जागा असते आणि ती चित्रावर दाब टाकू शकते, हे यात प्रथमच उघड दिसतं.

पोत्यांची सुरुवात त्याच्या थोडी आधीची, 1949 ची. युद्धानंतर इटलीत अमेरिकी मदतीचं धान्य आणि साखर पोत्यांतून येत होती. त्यांतल्याच एका साखरेच्या पोत्याचं त्यानं ‘एसझेड 1’ हे चित्र केलं. ‘साक्को दि झुक्केरो’, साखरेचं पोतं, पहिलं. त्यावर अमेरिकी झेंड्याच्या चांदण्या आणि पट्टे छापलेले आहेत, तेही तुटक. पॉप आर्टवाल्या अमेरिकी चित्रकारांनी झेंडे रंगवायला घेण्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. पण बुर्रीला झेंड्याबद्दल बोलायचं होतं असं मला वाटत नाही. पोत्यावर ते छापलेलंच होतं आणि त्यातले लाल-निळे तुकडे त्याला रंग म्हणून कामाला आले.

आता ही पोत्याची चित्रं प्रत्यक्ष कशी बनत, ते पाहू. जीर्ण, विरलेली, उंदरांनी कुरतडलेली, आधीच कुणीतरी ठिगळं लावलेली पोती तो निवडायचा. कोरं करकरीत गोणपाट त्याच्या उपयोगाचं नव्हतं. मग ती उसवायची, कापायची, वेगवेगळ्या छटांचे तुकडे शेजारी ठेवून पाहायचे. गोणपाटाचे रंग किती असतात हे आपल्या घरातल्या जुन्या पोत्यांकडे पाहिलं की कळतं. तांदळाचं पोतं पिवळसर, कोळशाचं काळपट, उन्हात पडलेलं जवळजवळ राखाडी. हे तुकडे दोऱ्यानं शिवायचे, कुठे टाके घट्ट, कुठे सैल, कुठे दोरा लोंबता सोडलेला. गोणपाट ताणून बसवलं की शिवणीपाशी ओढ दिसते, सुरकुत्या पडतात. जिथे भोक आहे तिथून मागचा काळा किंवा तांबडा रंग दिसू द्यायचा. काही चित्रांत त्या भोकात सोन्याचा वर्खही आहे. ती चित्रं मला जरा दिखाऊ वाटतात, पण हे माझं मत.

घरी गोधडी शिवली जाताना जिनं पाहिलीय तिला यातलं निम्मं कळेल. कुठला तुकडा कुठे जाईल हे आधी कागदावर ठरत नाही. हातात काय शिल्लक आहे, कुठला तुकडा किती जीर्ण आहे, त्यावरून पुढचा तुकडा ठरतो. फरक एवढाच की गोधडी पांघरायची असते, त्यामुळे तिच्यात भोक राहून चालत नाही. बुर्रीच्या चित्रात भोक हा आकार आहे. शिवण ही रेषा आहे. ठिगळ हा रंगाचा पट्टा आहे. असं पाहू लागलं की त्या मळकट पसाऱ्यातून एक काटेकोर रचना वर येते: कुठे आडवा पट्टा, त्याला छेद देणारी उभी शिवण, डावीकडच्या काळ्या भोकाला उजवीकडून तोलणारा एक फिकट चौकोन. चित्ता दि कास्तेल्लोपासून थोड्याच अंतरावर सानसेपोल्क्रो आहे, पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं गाव. पंधराव्या शतकातला हा चित्रकार माणसांनाही इमारतीच्या खांबांसारखं मापून उभं करायचा. बुर्री त्याच चित्रांच्या शेजारात वाढला. त्याच्या पोत्यांमधली शांतता तिथून आलीय, असं म्हणायला जागा आहे.

पण समीक्षकांना पोत्यात वेगळंच दिसलं. डॉक्टर, युद्ध, फाटलेलं कापड, टाके, भोकातला तांबडा रंग. हे सगळं एका ओळीत ठेवलं की अर्थ आपोआप तयार होतो: पोतं म्हणजे जखमी शरीर, चित्रकार म्हणजे त्याला टाके घालणारा सर्जन. अमेरिकी समीक्षक जेम्स जॉन्सन स्वीनी यांनी बुर्रीला न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्धी मिळवून दिली, 1953 साली गुगेनहाइम संग्रहालयातल्या तरुण युरोपीय चित्रकारांच्या प्रदर्शनात त्याला घेतलं. जखमेची ही कथा रुजवण्यातही त्यांचा वाटा मोठा. कथा इतकी नेटकी आहे की ती मोडवत नाही. 2015 मध्ये गुगेनहाइमनंच भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या नावातही ‘आघात’ हा शब्द होताच. बुर्री स्वतः मात्र हा अर्थ सतत झटकून टाकत राहिला. तो मुळात फारच कमी बोलायचा. विचारलंच तर रूप, अवकाश, तोल याबद्दल बोलायचा आणि शिकारीला निघून जायचा. शिकारीचा त्याला नाद होता.

मग कुणाचं ऐकायचं? मला वाटतं, इथे जरा चित्रकाराचंच ऐकावं. जखमेचा अर्थ चुकीचा आहे म्हणून नाही. तो एकदा डोक्यात बसला की डोळे काम करायचं थांबवतात, म्हणून. ‘अच्छा, जखम आहे’ म्हटलं की माणूस पुढच्या चित्राकडे सरकतो. कुठल्या टाक्यानं कुठला तुकडा खेचला गेलाय, हे तो पाहत नाही.

‘अमूर्त’ हा शब्दही इथे थोडा आड येतो. अमूर्त म्हणजे ज्याला मूर्ती नाही, देह नाही. ईश्वर अमूर्त, न्याय अमूर्त. बुर्रीच्या पोत्याला तर वास येईल इतका देह आहे. आपल्याकडे वासुदेव गायतोंडे यांनाही हा शब्द रुचत नसे. गोव्याच्या कुटुंबातले, 1924 मध्ये नागपुरात जन्मलेले, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले गायतोंडे आपल्या कामाला ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. कुठल्यातरी वस्तूतून सार काढून घेतलंय असं ॲबस्ट्रॅक्ट या शब्दात गृहीत असतं, आणि त्यांच्या चित्रामागे मुळात वस्तू नव्हतीच. गायतोंडेंची कामाची रीतही सांगण्यासारखी. रोलर, पॅलेट नाइफ, ओल्या रंगावर कागदाचे फाडलेले तुकडे दाबून रंग उचलून घेणं, आणि मुख्य म्हणजे वाट पाहणं. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कॅनव्हास. बुर्री आणि गायतोंडे यांच्या चित्रांत काहीच साम्य नाही. एकाकडे उजेड तरंगतो, दुसऱ्याकडे पोतं लोंबतं. पण ‘हे कशाचं चित्र आहे?’ हा प्रश्न दोघांच्याही चित्रापुढे सारखाच निरुपयोगी ठरतो. ‘हे काय आहे?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. पोतं आहे.

1953 च्या सुरुवातीला रॉबर्ट राउशेनबर्ग हा तरुण अमेरिकी चित्रकार रोममध्ये बुर्रीच्या स्टुडिओत येऊन गेला. पुढे राउशेनबर्गनं रजया, टायर, भुसा भरलेली बकरी असं काय काय चित्रांत आणलं. कुणी कुणाकडून काय घेतलं यावर कलेतिहासकारांचे वाद आहेत. त्यात फारसा रस घ्यावा असं मला वाटत नाही.

पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून बुर्रीनं सुई-दोरा बाजूला ठेवला आणि आग हातात घेतली. आधी कागद, मग लाकडाचे पातळ पापुद्रे, मग वेल्डिंग केलेले लोखंडी पत्रे आणि साठच्या दशकात प्लास्टिक. प्लास्टिक जाळायची त्याची पद्धत फोटोंतून पाहायला मिळते. औरेलियो अमेंदोला या छायाचित्रकारानं 1976 मध्ये काढलेल्या फोटोंत बुर्री हातात पेटती टॉर्च घेऊन ताणलेल्या पारदर्शक प्लास्टिकसमोर उभा आहे. चेहऱ्यावर स्वयंपाकघरात फुलका भाजणाऱ्या बाईचं लक्ष: आच किती, कधी हलवायचं, कधी काढायचं.

प्लास्टिक जळताना काय होतं हे कळलं तर त्याचं कौशल्य कळतं. प्लास्टिकची पातळ पट्टी बनवतानाच ओढून ताणलेली असते. तो ताण तिच्या आत अडकून राहतो. ज्योत जवळ आली की तो सुटतो आणि प्लास्टिक ज्योतीपासून मागे सरकतं, आक्रसतं. भोक पडतं. भोकाच्या कडेचं वितळलेलं प्लास्टिक स्वतःच्या पृष्ठताणानं गोळा होऊन जाड, गोलसर काठ धरतं. काजळी काठाला बसते. थंड होताच सगळं जसंच्या तसं गोठतं. हे सगळं घडायला काही क्षण पुरतात. ज्योत जरा जास्त टेकली तर चित्रच पेटून जाईल, कमी टेकली तर नुसती सुरकुती. म्हणजे भोकाचा आकार आग काढते, पण कुठे, किती वेळ आणि कुठे थांबायचं हे बुर्री ठरवतो. याला अपघात म्हणता येत नाही आणि आराखडाही म्हणता येत नाही. चित्रकार परिस्थिती मांडतो, पदार्थाला त्याच्या स्वभावानं वागू देतो आणि योग्य क्षणी हात आवरतो. त्याच्या सगळ्या कामाची रीत हीच. पदार्थ तेवढे बदलत गेले.

सत्तरच्या दशकात ती रीत पार मंदावली. ‘क्रेत्ती’, म्हणजे भेगा. झिंक व्हाइटची पूड आणि पीव्हीए गोंद, म्हणजे आपल्या फेविकॉलच्या कुळातला पांढरा डिंक, यांचा दाट लगदा करून तो फायबरच्या फळीवर थापायचा आणि वाळू द्यायचा. पाणी उडून जातं तसा लगदा आकसू पाहतो. वरून तो मोकळा असतो, पण खालून फळीला चिकटलेला. त्यामुळे आकसता येत नाही. ताण वाढत जातो आणि शेवटी थर फुटतो. पातळ थर असेल तर भेगा बारीक आणि दाट, जाड असेल तर रुंद आणि दूर दूर. पहिली भेग लांबलचक धावते, नंतरच्या येऊन तिला बहुधा काटकोनात मिळतात, कारण पहिल्या भेगेनं आपल्या आडव्या दिशेचा ताण आधीच संपवलेला असतो. हे शिकवायला मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या माणसाला प्रयोगशाळा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात काळ्या रानात पाय अडकेल अशा भेगा त्यानं पाहिलेल्या असतात. बुर्रीनं त्या कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत पाहिल्या.

लगद्याचा थर कुठे चढा, कुठे उतरता ठेवायचा, यावरून भेगांची दाटी कुठे होईल हे त्याला बऱ्यापैकी आधी सांगता येई. आणि भेगा मनासारख्या झाल्या की वरून गोंदाचा एक हात फिरवून तो त्यांना तिथेच थांबवायचा. पोत्याच्या वेळी हात चालायचा, आगीच्या वेळी मनगट. भेगांच्या वेळी बरंचसं काम न करण्याचं.

त्यानंतर शेवटच्या वर्षांत तो सेलोटेक्सवर आला. सेलोटेक्स म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी, ज्यावर तो आधी लगदा थापत होता तीच. आता तिचाच वरचा पापुद्रा सोलून, थोडा भाग रंगवून, थोडा उघडा ठेवून चित्रं. पुन्हा पाठ पुढे आली. ही चित्रं मी छायाचित्रांतच पाहिली आहेत आणि तिथे ती मला कोरडी वाटतात. कदाचित प्रत्यक्षात तशी नसतील. चित्ता दि कास्तेल्लोमध्ये त्याच्या कामाची दोन संग्रहालयं आहेत: एक 1981 मध्ये उघडलेलं जुन्या वाड्यातलं, दुसरं 1990 पासूनचं, तंबाखूची पानं वाळवायच्या प्रचंड शेडमधलं. शेड बाहेरून त्यानं काळ्या रंगवून घेतल्या. 1966 च्या महापुरात फ्लॉरेन्समध्ये भिजलेली पुस्तकं याच शेडमध्ये वाळत घातली होती. भेगांच्या चित्रकाराला वाळवणाची जागा मिळावी, यावर मी काही बोलत नाही.

भेगांचं सर्वांत मोठं काम मात्र कुठल्याच संग्रहालयात मावणारं नाही. 1968 च्या जानेवारीत सिसिलीतल्या बेलिचे खोऱ्यात भूकंप झाला आणि जिबेल्लिना हे डोंगरावरचं गाव जमीनदोस्त झालं. नवं गाव जवळपास वीस किलोमीटरवर वसवलं गेलं. तिथले महापौर लुदोविको कोर्राओ यांनी देशभरातल्या कलावंतांना नव्या गावात काहीतरी उभारायला बोलावलं. बुर्री आला, नवं गाव पाहिलं, इथे मला करण्यासारखं काही नाही म्हणाला आणि जुनं गाव पाहायला गेला. तिथल्या ढिगाऱ्यावर काम करायचं त्यानं ठरवलं.

पडलेल्या घरांचे दगड-विटा जागच्या जागी गोळा करून, जाळीनं बांधून त्यावर पांढरं काँक्रीट ओतलं गेलं. साधारण दीड-पावणेदोन मीटर उंचीचे ठोकळे, आणि त्यांच्यामध्ये माणसानं चालावं इतक्या रुंद भेगा. या भेगा बऱ्याचशा जुन्या गल्ल्यांच्या जागेवर आहेत. म्हणजे घरं भरीव झाली आणि रस्ते भेगा झाले. डोंगराच्या उतारावर ऐंशी हजार चौरस मीटरच्या आसपासचं हे एकच चित्र. स्टुडिओत लगदा स्वतःहून फुटायचा. इथे भेगा माणसांनी फर्मे लावून केल्या. फुटायचं काम भूकंपानं आधीच केलेलं होतं.

आपलं गाव काँक्रीटखाली गेलं याचं दुःख तिथल्या काही लोकांना झालं, आणि ते समजण्यासारखं आहे. ढिगारा असता तर निदान आपल्या घराची चौकट ओळखू आली असती. दुसरीकडे, त्या गल्ल्यांमधून आजही चालता येतं. डोक्यापर्यंत आलेल्या पांढऱ्या भिंतींमधून चालताना फक्त आभाळ आणि पुढचं वळण दिसतं, आणि जिला हे गाव माहीत होतं तिला कुठल्या वळणावर कोण राहायचं हे सांगता येतं.

1984-85 च्या सुमारास सुरू झालेलं हे काम 1989 मध्ये पैशांअभावी अर्धवट थांबलं. बुर्री 1995 मध्ये वारला. उरलेला भाग 2015 साली, त्याच्या जन्मशताब्दीला पूर्ण झाला. तोवर जुना भाग पंचवीस वर्षांच्या पावसानं आणि शेवाळानं करडा झालेला, फटींतून गवत आणि झुडपं वर आलेली. नवा भाग शेजारीच स्वच्छ पांढरा. बुर्रीच्या चित्रात पूर्वी पिवळसर आणि काळपट पोत्यांचे तुकडे शेजारी असायचे, तसेच हे दोन तुकडे आता त्या उतारावर शेजारी आहेत, आणि नवाही करडा व्हायला लागलेला आहे.